हिरव्या फरशीवरचं पार्सल

१

अकरा वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगत आले आहे: तुमचं पार्सल तुम्हाला मिळालं आहे. ते मिळालेलं नसतं हे त्यांना ठाऊक असतं, आणि बऱ्याचदा मलाही. पण नोंद म्हणते पोचलं, आणि मी नोंदीची नोकर.

आमचा विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे. लांबट खोली, टेबलांच्या दोन रांगा, आणि खिडक्या अशा की उघडल्या तर कागद उडतात, बंद केल्या तर माणसं पेंगतात. आमच्या ऑनलाइन दुकानातून कुणी काही मागवलं आणि ते आलंच नाही, विक्रेता फोन उचलेना, निरोपाला उत्तर देईना, की तो माणूस आमच्याकडे तक्रार टाकतो. मग विक्रेत्याला उत्तर द्यायला सात दिवस मिळतात. सात दिवस तो तोंडात गुळणी धरून बसला तरी चालतं. पार्सल दाराशी ठेवल्याचा एक फोटो त्याने चढवलेला असला की आमच्या लेखी काम संपलं. ग्राहकाला उत्तर क्रमांक चार जातं: 'आमच्या नोंदीनुसार आपली वस्तू आपल्याला पोचली आहे. आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार.' हे उत्तर मी लिहिलेलं आहे. साहेबांनी तेव्हा सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं.

अशा तक्रारी रोज एकगठ्ठा बंद करतात. त्याला आम्ही केर काढणं म्हणतो. यादी उघडायची, 'सगळं निवडा' दाबायचं, 'बंद करा' दाबायचं, झाडून मोकळं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बारकी बसते. ती सहा फुटांना दोन बोटं कमी आहे, म्हणून बारकी. ती म्हणायची, "ताई, तुमच्याइतका स्वच्छ केर कुणी काढत नाही." मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

२

घरी आम्ही दोघंच. आमचे हे जन्मभर रेडिओ दुरुस्त करत आले. रेडिओ ऐकणारी माणसं संपली तसं दुकान बंद केलं आणि आमच्या मधल्या खोलीतलं जेवायचं टेबल अडवून बसले. तेव्हापासून मी ताट मांडीवर घेऊन जेवते आणि त्यावरून आमची रोज एकदा जुंपते.

टेबलावर एकच रेडिओ असतो, माझ्या थोरल्या दिरांचा. ते जाऊन सहा वर्षं झाली. यांनी तो रेडिओ सगळा खोलून पुन्हा उभा केला, फक्त स्टेशन लावायचं बटण मिळेना. दुसरं बसवा म्हटलं तर म्हणायचे, "दादाच्या बोटाला सवय होती त्या बटणाची." गेलेल्या माणसाच्या बोटांची सवय सांभाळणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा?

मग एका सकाळी चष्मा कपाळावर चढवून हे स्वयंपाकघरात आले आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "बघ. तेच. कडेचा टवका उडालाय तोही तसाच. शिल्लक एक आहे."

"मग मागवा की."

"मागवलं," म्हणाले. चेहरा असा की नोकरी लागली.

दहा दिवसांत येणार होतं. अठरा दिवस झाले तरी आलं नाही. विक्रेत्याला यांनी आधी सभ्य भाषेत लिहिलं, मग कमी सभ्य भाषेत, आणि शेवटी निव्वळ 'अहो?' एवढंच. पलीकडून हूं नाही की चूं नाही. रोज मी घरात पाऊल टाकलं की प्रश्न तयार: "तुमच्याकडे काही कळलं का?"

"ऑफिसातलं ऑफिसात," मी म्हणायची. "तक्रार टाका. नियमाने काय व्हायचं ते होईल." आमच्यात घरच्यांच्या तक्रारीला हात लावायची बंदी आहे. पण खरं सांगायचं तर मला दमल्यावर अजून एका ग्राहकाशी बोलायचं नसायचं. यांनी तक्रार टाकली.

३

त्याच आठवड्यात ते दार पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं.

दिवसाला शेकड्यांनी दारांचे फोटो बघते मी. पायपुसणं, चपला, कुंडी, अर्धवट रंगवलेली चौकट, खोक्याच्या कडेला पोचवणाऱ्याच्या बुटाचं टोक. डोळ्यांसमोरून जातं, डोक्यात शिरत नाही. पण एका म्हाताऱ्या बाईंनी तक्रारीत लिहिलं होतं, 'फोटोतलं दार माझं नाही. माझ्या घराची फरशी पांढरी आहे.' म्हणून मी नीट पाहिलं. हिरवी फरशी, चौकोनी, बरीच वापरलेली. पितळी मूठ असलेलं तपकिरी दार. त्याच्यासमोर छोटं खोकं.

त्यांनी चहाच्या किटलीचं झाकण मागवलं होतं. एकटं झाकण.

विक्रेत्याच्या क्रमांकावरून फोटो चढलेल्या तक्रारी काढल्या, तर ही धरून नऊ निघाल्या, नऊ वेगवेगळ्या गावांच्या. बुद्धिबळातला एक पांढरा घोडा. कपाटाची किल्ली. लहान मुलाचा डावा बूट, एकच. सगळं असंच, एखाद्या संचातलं हरवलेलं. आणि नऊही फोटोंत तीच हिरवी फरशी, तेच दार.

"लबाड आहे मेला," बारकी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "स्वतःच्याच दाराशी खोकं ठेवून फोटो काढतो."

मलाही तेच वाटलं. साधी फसवणूक, आमच्याकडे पैशाला पासरी. मी फोटो तारखेप्रमाणे लावले, साहेबांना दाखवायचे म्हणून. तेव्हा दिसलं की पहिल्या फोटोत दार बंद आहे. तिसऱ्यात बोटभर उघडं. सहाव्यात जरा जास्त. नवव्यात पंजा आत जाईल इतकं. आत अंधार नव्हता. खोलीत दुपारी असतो तसा साधा उजेड होता, आणि आतही तीच फरशी पुढे गेलेली दिसत होती.

बारकी म्हणाली, "वाऱ्याने उघडत असेल." मी म्हटलं, असेल.

४

पण एक गोष्ट मनातून जाईना. उत्तर क्रमांक चार गेलं की लोक गप्प बसत नाहीत. चवताळून पुन्हा लिहितात, आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. या विक्रेत्याच्या आठ तक्रारी आम्ही बंद केल्या होत्या आणि आठांपैकी कुणीही परत एक अक्षर लिहिलं नव्हतं. मी त्यांची खाती उघडून पाहिली. त्या दिवसानंतर एकानेही काही मागवलं नव्हतं, काही पाहिलंही नव्हतं.

ग्राहकाला आपण होऊन फोन करायचा नाही असा आमचा नियम आहे. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून मी बुद्धिबळवाल्या गृहस्थांना फोन लावला. एका बाईंनी उचलला. सून आहे म्हणाल्या.

"मामंजी घरी नाहीत."

"कधी येतील?"

त्यांनी दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तुम्ही पार्सलवाल्यांकडून बोलताय ना? मग तुम्हीच सांगा. मी मशीनला कपडे लावत होते, पावणेबाराला बेल वाजली. मामंजी म्हणाले, माझा घोडा आला. दार उघडल्याचा आवाज मी ऐकला. बाहेर येऊन बघते तर दार सताड उघडं, चपला जागच्या जागी. अनवाणी माणूस कुठे जाईल हो? दोन महिने झाले." त्या रडत नव्हत्या. इतक्यांदा सांगून झालं होतं की नुसतं सांगणं उरलं होतं.

जागेवर येऊन मी त्यांची तक्रार काढली. अकरा बेचाळीसला बंद केलेली. बंद करणारीच्या रकान्यात माझा क्रमांक.

आता माणूस म्हणून विचार करा. वयस्कर लोक घरातून निघून जातात, विसरतात, कुठे तरी जाऊन बसतात. योगायोग असतात. मी स्वतःला हे सगळं शहाण्यासारखं सांगितलं, आणि मग उरलेल्या सहा नंबरांना फोन लावले. दोन घरांतून कुणी उचलला नाही. चार घरांतून उचलला. चारही घरांत बेल वाजली होती. आठवा नंबर डाव्या बुटाचा होता, तो मी लावलाच नाही. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

५

म्हाताऱ्या बाईंची तक्रार, नववी, अजून उघडी होती. मी ती बाजूला काढून ठेवली आणि बारकीलाही बजावलं की या विक्रेत्याच्या तक्रारीला हात लावू नकोस. तिने का म्हणून विचारलं नाही. त्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे.

घरी येताना जिना चढता चढता मला आठवलं की यांच्या विक्रेत्याचा क्रमांक मी कधी पाहिलाच नाही. पाहिला, तर तोच.

"ती तक्रार मागे घ्या," मी म्हटलं.

"का? तूच म्हणालीस टाका."

"आता मीच म्हणते मागे घ्या. कारण विचारू नका."

मी कारण तरी काय सांगणार होते? हिरवी फरशी? चाळीस वर्षं तारा जोडलेला माणूस, हसला असता. आता वाटतं, हसू द्यायला हवं होतं.

"अहो, घेताय ना मागे?"

"घेतली," रेडिओकडे तोंड करून म्हणाले. संसारात हा माणूस माझ्याशी मोजून तीन-चार वेळा खोटं बोलला असेल, आणि प्रत्येक वेळी तोंड असंच दुसरीकडे असायचं. मला ते तेव्हाच ओळखता यायला हवं होतं. पण भाजी करपत होती, मी आत गेले.

तीन दिवसांनी दुपारी साहेब येऊन म्हणाले, यादी फार तुंबलीय. मी यादी उघडली, 'सगळं निवडा' दाबलं. म्हाताऱ्या बाईंची तक्रार शोधून तिच्यापुढची खूण काढली, दोनदा तपासली. मग 'बंद करा'. अकरा वर्षांची सवय आहे, बोट पुढे असतं आणि डोकं मागून येतं. यादीला दुसरं पान होतं. 'सगळं' म्हणजे दोन्ही पानं. हे मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवते.

बंद झालेल्यांची यादी पडद्यावर सरकत गेली आणि तिच्यात मला माझ्या घराचा पत्ता दिसला.

यांनी फोन लगेच उचलला. "बरं झालं केलास. ऐक, बेल वाजतेय. आलं बघ माझं बटण."

"दार उघडू नका," मी म्हटलं. "अहो, ऐका, दार उघडू नका."

"अगं, त्याला ताटकळत कशाला ठेवायचं." सपातांचा आवाज. उजवा पाय जरा घासत टाकतात. कडी निघाल्याचा आवाज. मग एकदम कौतुकाने म्हणाले, "हे काय गं, आपल्या जिन्यातली फरशी कधी बदलली? हिरवी..."

त्यानंतर फोन चार मिनिटं चालू होता. मी कानाला लावून उभी होते. पलीकडे कुणी बोलत नव्हतं, पण नुसती शांतताही नव्हती. सभा सुरू व्हायच्या आधी हॉलमध्ये माणसं येऊन गप्प बसलेली असतात, तसं काही तरी होतं. मग फोन बंद झाला.

६

दार सताड उघडं होतं. सपाता उंबऱ्याच्या आत, नीट शेजारी शेजारी. मधल्या खोलीत रेडिओ, आणि रेडिओशेजारी चष्मा. चष्म्याशिवाय यांना ताटातलं मीठ दिसत नाही.

पोलिसांनी सगळं लिहून घेतलं आणि घरात भांडण वगैरे झालं होतं का ते विचारलं. मी म्हटलं, रोजच व्हायचं. त्यांनी तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन यांच्या तक्रारीतला फोटो उघडला. बारकी माझा हात धरून बसली होती. हिरवी फरशी, तपकिरी दार, आता हातभर उघडं. आत एका टेबलाचा कोपरा दिसत होता. टेबलावर वाकलेल्या माणसाची पाठ नाही, डोकं नाही, फक्त उजवं कोपर. करडा स्वेटर आणि कोपरावर निळा रफू. करडी लोकर संपली होती म्हणून तो रफू मी निळ्या लोकरीने केला होता. हे म्हणाले होते, "असू दे, गर्दीत मला ओळखायला बरं."

यांच्या खात्यातून मी लिहिलं: 'मिळालं नाही. तक्रार पुन्हा उघडा.' उत्तर लगेच आलं. आमच्या नोंदीनुसार आपली वस्तू आपल्याला पोचली आहे. आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार.

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच आलं. त्या दिवशी मी एकोणतीस वेळा लिहिलं आणि एकोणतीस वेळा माझंच वाक्य माझ्या तोंडावर फेकलं गेलं. वाक्य चांगलं आहे. कुठूनही आत शिरायला जागा नाही त्यात.

विक्रेत्यालाही लिहिलं. शिव्या दिल्या, विनवण्या केल्या. शेवटी यांच्यासारखंच नुसतं 'अहो?' लिहिलं. काही नाही.

७

त्यालाही आता महिना होऊन गेला. घर फार नीटनेटकं राहतं. जेवायला टेबलाची अर्धी बाजू मोकळी केली होती, पण तिथे बसवत नाही. अजून ताट मांडीवरच घेते.

अडीच आठवड्यांपूर्वी एका दुपारी मी त्या विक्रेत्याचं पान उघडलं. काय शोधत होते ते मलाच ठाऊक नव्हतं. माझं कधी काही हरवत नाही. मी वस्तू जागच्या जागी ठेवणारी बाई आहे. झाकणं, किल्ल्या, बटणं, एकेकटे कप असं बघत खाली गेले. सगळ्यात शेवटी होतं:

'पुरुषांचा स्वेटर. करडा. उजव्या कोपरावर निळा रफू. स्थिती: वापरात. शिल्लक: एक.'

मी मागवला.

अर्थातच आला नाही. दहा दिवसांनी मी तक्रार टाकली. आज सातवा दिवस. सकाळी फोटो आला आहे. या वेळी खोकं नाही, नुसती फरशी आहे आणि दार पूर्ण उघडं आहे. आतली खोली दिसते, पण फोटो जरा हललेला आहे. बरीच माणसं टेबलांशी बसली आहेत, रांगेने, प्रत्येक जण आपापल्या टेबलावर वाकून काही तरी जुळवतो आहे. आमच्या ऑफिससारखंच दिसतं म्हणा ना. एक फार लहान आहे, त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत. मी मोठं करून बघितलं नाही.

बारकी माझी तक्रार बंद करणार नाही. मी विचारलं, तर तोंड फिरवून रडली. पण ग्राहकाच्या पानावर दोन बटणं असतात, 'मिळालं' आणि 'मिळालं नाही'; पहिलं दाबलं की तक्रार आपोआप बंद. पहिलं बटण कुणी कधी दाबत नाही, ज्याला मिळालं तो तक्रार कशाला करेल? मी मघाशी ते दाबलं.

हा कागद टेबलावर रेडिओखाली ठेवते आहे. ज्याला सापडेल त्याने तिसऱ्या मजल्यावर बारकीला द्यावा. बारके, म्हाताऱ्या बाईंची तक्रार उघडीच ठेव. त्यांना फोन करून खरं काय ते सांग. त्या हसल्या तर हसू दे. आणि नव्या माणसांना दुसऱ्या पानाचं आधी शिकव.

दारातल्या भिंगातून मघाशी पाहिलं तेव्हा जिन्यात लाल फरशी होती आणि समोरच्यांची कुंडी. आत्ता पाहिलं, तर कुंडी नाही.

चष्मा पुसून त्याच्या डबीत घातला आहे. सपाता पिशवीत घेतल्या आहेत, पाय गार पडत असतील. भेटले की आधी चार शब्द सुनावणार आहे, तक्रार मागे घ्या म्हटलं होतं ना म्हणून. मग चष्मा देईन.

कडी मी काढूनच ठेवली आहे. बेल वाजवून कुणाला ताटकळायला नको.